खंय वतात, बाई?

आमच्या बांदोड्यात, गोव्यातल्या फोंड्याजवळच्या या गावात, रस्त्यावर कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "खंय वतात?" कुठे चाललात. त्यात चौकशी थोडी, नमस्कारच जास्त. विचारणारा पुष्कळदा उत्तर ऐकायला थांबतही नाही. तरी उत्तर द्यावं लागतं. बावीस वर्षं माझ्याकडे ते तयार असायचं. शाळेत. फोंड्याला, बाजारात. देवळात. मांयचं, म्हणजे सासूबाईंचं, औषध आणायला.

मग गेल्या श्रावणात एका संध्याकाळी हाच प्रश्न कानावर पडला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नुसती चालत होते. शेजारच्या आवाठातली, म्हणजे वाडीतली, एक ओळखीची बाई गडग्यापलीकडून विचारत होती आणि माझ्या तोंडून निघालं, "दळण आणायला." हातात डबा नव्हता, पिशवी नव्हती. तिनं मान डोलावली आणि ती आत गेली. मला मात्र ते खोटं घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं. पन्नाशी ओलांडलेली मी, शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सांगते, आणि नुसतं फिरतेय एवढं सांगायला मला कसली लाज वाटली?

त्या संध्याकाळपासून पुढचे सात-आठ महिने मी काय शिकले, ते लिहितेय.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. लग्न होऊन इथे आले, नागेशीच्या बाजूला आमचं घर. मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. घर, शाळा, बाजार आणि देऊळ, या चार टोकांमध्ये माझं गाव मावलं होतं. बाकीचं गाव आहे हे माहीत होतं, पण तिथे माझं काही काम नव्हतं, म्हणून मी कधी गेले नव्हते.

चालण्याशी संबंध आला तो आधी औषध म्हणून. दीड वर्षापूर्वी रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पहाटे उठून फर्मागुडीच्या मैदानावर फेऱ्या मारायला लागले. मोबाइलमध्ये पावलं मोजणारं ॲप घातलं. दिवसाला दहा हजार पावलं व्हायलाच हवीत, असं सगळेच म्हणत होते, मीही मनावर घेतलं. हा आकडा कुठून आला ते मला नंतर कळलं. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक छोटं यंत्र विक्रीला आलं, त्याचं नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा डॉक्टरांच्या खोलीतून नाही, दुकानाच्या फळीवरून आला होता. चालण्यानं शरीराला फायदा होतो तो होतोच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मैदानात फिरताना मी एकसारखी आकड्याकडे बघायचे. सूर्य उगवायचा तो मला दिसायचा नाही. तीन महिन्यांत ते चालणं सुटलं, आणि सुटल्याची बोचणी तेवढी उरली.

श्रावणात स्कूटर बंद पडली. गॅरेजवाल्यानं चार दिवस सांगितले, लागले अकरा. शाळा सुटल्यावर बसनं फर्मागुडीला उतरायचं आणि तिथून खाली नागेशीकडे पायी यायचं. पहिले दोन दिवस मी डांबरी रस्त्यानंच आले. तिसऱ्या दिवशी एका ट्रकनं अंगभर चिखल उडवला, तेव्हा वैतागून मी बाजूच्या पाणंदीत शिरले. ती पाणंद कुठे जाते ते मला माहीत नव्हतं. खाली जाते एवढं दिसत होतं, आणि आमचं घरही खालीच.

दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, छातीएवढे. पावसात चिरा काळा पडतो आणि त्याच्यावर शेवाळ चढतं, हे मी रोज बघत होते. पण अगदी जवळून, छत्री कलती करून, तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. शेवाळ एका हिरव्या रंगाचं नसतं. एक मखमलीसारखं आखूड, एक बारीक पिसांसारखं, आणि त्याच्यात सुईएवढ्या तांबूस काड्या उभ्या, प्रत्येकीच्या टोकाला एक बोंडूक आणि बोंडुकावर पाण्याचा एक थेंब. चिऱ्याला जी भोकं असतात, त्यांतल्या प्रत्येकात काही ना काही रुजलेलं. एकात नेचं, एकात तेरड्याचं रोप, दोन पानांचं. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. पायांखालून पाणी वाहत होतं आणि चपला भिजून गेल्या होत्या.

पुढे पाणंद एका कुळागरात उतरली. ज्यांनी कुळागर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी लावलेल्या पोफळी, त्यांच्या अंगावर चढवलेल्या मिरवेली, मध्ये केळी, अननस, आणि या सगळ्यांना पाणी नेणारा झरीवरून आलेला पाट. भर दुपारीही तिथे उजेड हिरवा असतो. व्हाळावर पोफळीचे दोन सोट टाकून केलेला साकव होता. तो ओलांडून वर चढले तर समोर एक घर दिसलं, पाठमोरं. कौलांवर निळं प्लास्टिक, उडू नये म्हणून कोपऱ्यात चिरा ठेवून दाबलेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीवर धुराचा काळा पट्टा. पडवीत दोरीवर एक हिरवं लुगडं वाळत घातलेलं. कुणाचं बरं हे घर, म्हणून मी बघत राहिले, आणि मग ते लुगडं ओळखलं. मांयचं होतं.

आमचं घर मी पाठीमागच्या बाजूनं, एवढ्या लांबून, कधी पाहिलंच नव्हतं. बावीस वर्षं आतून पाहिलं, पुढून पाहिलं. ते डोंगराच्या कुशीत किती लहान दिसतं आणि त्याच्यामागचा फणस किती मोठा झालाय, हे कुणी मला सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंद म्हणू की दुसरं काही, ठाऊक नाही. गळा दाटून आला होता, एवढं खरं.

स्कूटर आली. पण आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी मी ती घरी ठेवून बाहेर पडायला लागले. दळणाचं खोटं बोलले ती यातलीच एक संध्याकाळ.

त्यानंतर मी पिशवी घ्यायला लागले. कापडी, रिकामी, खांद्याला अडकवलेली. पिशवी असली की कुणी काही विचारत नाही. विचारलं तरी पिशवीच उत्तर देते. महिनाभर ती रिकामी पिशवी मी गावभर फिरवली. आणि माझ्या लक्षात आलं की पिशवी लोकांसाठी नव्हती, माझ्यासाठीच होती. हातात काहीतरी असलं की मी माझ्याच डोळ्यांत रिकामटेकडी ठरत नव्हते. बायकांना हे समजेल. आपला संध्याकाळचा तास कुणाचा तरी असतो. तो आपण आपल्यासाठी घेतला, आणि घेऊन त्यातून काही आणलंही नाही, तर घरात कुणी बोललं नाही तरी आपण स्वतःलाच बोलतो. पुरुष तिठ्यावर तास-दोन तास उभे असतात, त्यांना कुणी विचारत नाही. बाई रस्त्यावर दिसली की तिचं काही काम असलंच पाहिजे. मला याचा राग येतो. आजही येतो.

पिशवी नेणं बंद केलं तेव्हा दुसरीच अडचण उभी राहिली. मी शिक्षिका. आमच्यापैकी पुष्कळांना मतदार यादीचं काम असतं. मीही काही वर्षं घरोघर फिरून ते केलेलं. त्यामुळे एखाद्या अनोळखी आवाठात मी दिसले की ओट्यावरची माणसं उठून उभी राहायची. "बाई, यादी हाडल्या?" यादी आणलीत का. कुणी आतून ओळखपत्रच घेऊन यायचं. एका घरात तर माझा विद्यार्थी मला बघून पाठीमागच्या दारानं पळाला. त्याला वाटलं बाई तक्रार घेऊन आल्या. त्याच्या आईला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. चहा घ्यावा लागला. पोराचं काही चुकलेलं नाही, तो हुशार आहे, मी सहज इथून जात होते, असं तीनदा सांगितलं. "सहज?" तिनं विचारलं. तिला वाईट वाटलं नव्हतं, नवल वाटलं होतं.

त्या दिवशी परत येताना मी त्या याद्यांचा विचार करत होते. त्याच आवाठात मी यापूर्वी निदान चार वेळा गेले होते, रजिस्टर घेऊन. प्रत्येक दार वाजवलं होतं. घर नंबर, कुटुंबप्रमुख, वयं, मयत, स्थलांतरित. त्या आवाठातल्या कुठल्या घरात किती मतं ते मला पाठ होतं. पण त्या दारांपैकी एका दाराच्या चौकटीवर कोरलेला मोर आहे, आणि त्याच्या पुढच्या तुळशीवृंदावनाला चारी बाजूंनी वेगवेगळ्या रंगाच्या फुटक्या बश्यांचे तुकडे बसवलेत, हे मी तेव्हा पाहिलंच नव्हतं. तेच डोळे, तोच रस्ता. रजिस्टर हातात होतं तेव्हा मला फक्त रजिस्टरमध्ये मावेल तेवढं दिसत होतं.

हे कळल्यावर माझं चालणं सुधारलं. मी काही नियम केले नाहीत, पण सवयी लागत गेल्या. मोबाइल घरी. तिठा आला की ज्या बाजूला सावली, तिकडे वळायचं. फोटो काढायचे नाहीत, कारण एकदा काढला की मी बघायची थांबते. परत येताना वेगळी वाट मिळाली तर ती धरायची, नाही तर आलेल्या वाटेनंच परतायचं. उलट दिशेनं तीच वाट वेगळी असते. कुत्र्यांसमोर थांबायचं, पळायचं नाही. पावसाळ्यात अंधार पडायच्या आत घरी, आणि उशीर झालाच तर टॉर्च, कारण जनावरं, म्हणजे साप, निघतात.

चवथीच्या आधीचे पंधरा दिवस तर मी अक्षरशः रोज बाहेर पडले. गणपतीच्या वर माटोळी बांधतो आपण, रानातल्या फळांफुलांची. इतकी वर्षं मी तिचं सामान फोंड्याच्या बाजारात पसऱ्यावरून घेत आले: कवंडळाचे दोन, घागऱ्यांची जुडी, आंबाड्यांचा घोस, सुपारीचं शिपटं, तोरिंजन. पैसे मोजायचे आणि पिशवीत भरायचं. यंदा कवंडळ मी वेलीवर पाहिलं. एका पडक्या घराच्या भिंतीवर वेल चढला होता आणि त्याला शेंदरी-तांबडे गोळे लोंबत होते, दिवे लावल्यासारखे. मी ते तोडलं नाही. ज्यांचं होतं ते लोक मुंबईला असतात, चवथीला येतात, त्यांच्या माटोळीला लागेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला गेले. तिसऱ्या दिवशीही.

घरात तोवर कुजबुज पोचली होती. आमच्या यजमानांना पानाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणालं, बाई एकट्याच फिरताना दिसतात, सगळं बरं आहे ना? त्यांनी जेवताना सरळ विचारलं, "घरात जीव रमत नाही का तुझा?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी म्हटलं, घरात रमतो, म्हणूनच घराभोवती काय आहे ते बघावंसं वाटतं. एक-दोनदा ते माझ्याबरोबर आले. तिठ्यावर पोचलो की विचारायचे, आता पुढे कुठे? त्यांना कुठे तरी पोचायचं असतं. पोचावं माणसानं, त्यात वाईट काही नाही. तिसऱ्यांदा ते आले नाहीत आणि मलाही ते बरं वाटलं.

मांय मात्र वेगळ्याच निघाल्या. त्यांचे गुडघे गेलेत. सोप्यावरच्या खुर्चीपासून न्हाणीपर्यंत, एवढंच त्यांचं चालणं. पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं नाही. मग एक दिवस, मी पाय धूत असताना, म्हणाल्या, "कोण मेळ्ळें?" कोण भेटलं. कुठे गेली होतीस नाही, कशाला गेली होतीस नाही. मी सांगितलं, वरच्या कुळागराकडून आले, व्हाळावर पोफळीचा साकव घातलाय. त्यांनी डोळे मिटले. "थंय पयलीं फातराचो आशिल्लो," म्हणाल्या. पूर्वी दगडाचा साकव होता तिथे. आणि मग तासभर त्या बोलत होत्या. त्या झरीवर बायका कशा धुणी घेऊन जायच्या, कुणाच्या घागरीला कशी पोची होती. एका शेताला सगळे 'वडाकडलें' म्हणायचे, पण तिथला वड त्यांनीही पाहिला नव्हता, त्यांच्या सासूनं पाहिला होता. मला गाव पायांखाली नव्यानं मिळत होतं; त्यांच्याकडे सगळं आधीपासून होतं, विचारणारं कुणी नव्हतं.

कार्तिकातल्या एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि मी बसमधून शापूरला उतरले. फोंडा-पणजी रस्त्यावरची साफा मशीद. फोंड्याला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं ती खिडकीतून पाहिलेली असते आणि उतरून पाहिलेली फार थोड्यांनी. मीही बावीस वर्षं खिडकीतूनच पाहिली. मशीद साधी, उंच जोत्यावर, कौलारू; भोवती अष्टकोनी खांबांचे अवशेष. पण तिच्या बाजूची तळी बघताना मी पायऱ्यांवर बसूनच राहिले. संपूर्ण चिऱ्यांची, खोल, आणि पाण्याच्या कडेनं भिंतीत कमानींचे कोनाडे ओळीनं. पाणी हिरवं आणि इतकं स्थिर की प्रत्येक कमानीची खालची अर्धी बाजू पाण्यात पुरी होत होती. एक खंड्या त्या कोनाड्यातून या कोनाड्यात जात होता, आणि तो उडाला की पाण्यातलाही उडायचा.

फलकावर साल वाचलं, 1560. आदिलशाहीतलं बांधकाम. आणि मला एकदम जाणवलं की मंगेशाला कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून इकडे आणलं, तो काळही हाच. रामनाथ लोटलीहून आला, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. पलीकडे पोर्तुगीज देवळं पाडत होते आणि अलीकडे अंत्रुज, म्हणजे हा आमचा फोंड्याचा भाग, आदिलशाहीत होता, म्हणून लोकांनी देव उचलले आणि इथे आणले. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पोरांना गोष्ट म्हणून सांगितलंय. पण ते लोक चालत आले होते, रात्रीचे, मूर्ती कापडात गुंडाळून, चिखलातून. याच डोंगरांवरून, अशाच पाणंदींतून. चालून चालून पाय दुखायला लागल्यावर मला ते खरं वाटायला लागलं.

आमचा नागेश मात्र कुठून आलेला नाही. तो इथलाच. देवळाच्या आवारात 1413 सालचा शिलालेख उभा आहे, त्यात नागेशाचं नाव आहे आणि बांदोड्याच्या महालक्ष्मीचंही. या दगडाजवळून मी किती वेळा गेले असेन याची गणती नाही. दर्शन, प्रदक्षिणा, प्रसाद, चपला घालून घरी. सभामंडपातल्या वरच्या लाकडी पट्टीवर रामायण कोरलंय, तेही मी मान वर करून शांतपणे कधी बघितलं नव्हतं. मार्गशीर्षात एकदा तिन्हीसांजेला मी तिथे पोचले तेव्हा देवळात जायचंच असं काही मनात नव्हतं. तळीच्या पलीकडच्या काठावर गेले आणि बसले.

जुनी माणसं सांगतात की तळीच्या काठावर एक जागा आहे, तिथून पाण्यात गाभाऱ्यातला नंदादीप दिसतो. मी हे ऐकून होते आणि खरं सांगायचं तर ती जागा शोधायला कधी गेले नव्हते. त्या दिवशीही शोधत नव्हते. आधी पाण्यात आकाश होतं, मग माडांच्या शेंड्या काळ्या झाल्या, मग दीपस्तंभ पाण्यात उलटा उभा राहिला. कुणी तरी पायऱ्यांवर पाय धुतले आणि सगळं विस्कटलं. पाणी पुन्हा थांबेपर्यंत अंधार झाला होता. आणि मग तिथे, पाण्यात, देवळाच्या काळोख्या दाराच्या मधोमध, एक पिवळा ठिपका दिसला. बोटाच्या पेराएवढा. हलत होता, विझत नव्हता. मी उठून एक पायरी डावीकडे सरकले तर नाहीसा झाला. परत मूळ पायरीवर बसले, पुन्हा दिसला.

त्या रात्री घरी यायला उशीर झाला. वाटेत, वळणावर, अंधारातून आवाज आला, "खंय वतात, बाई?" मी म्हटलं, "अशेंच." असंच. पहिल्यांदाच म्हटलं. तो माणूस हसला असावा, दिसला नाही. "वचात," म्हणाला. जा.

माझ्या माहेरी, आरवलीला, वेतोबा आहे. रात्री तो गावाच्या सीमेवरून फिरतो, गाव राखतो, म्हणून लोक त्याला केळ्यांचे घड आणि मोठमोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. त्या चपला झिजलेल्या सापडतात असं सांगतात. लहानपणी त्या ठेवलेल्या चपला मी वाकून वाकून बघायचे, तळ झिजलाय का ते. मला देवांमध्ये तो सगळ्यात जवळचा वाटायचा. का, ते आता कळतंय असं वाटतं. चालणारा देव तो.

माघात मांय म्हणाल्या, खालच्या अंगाला एका विहिरीकडे सुरंगीचं झाड होतं, ते अजून आहे का बघ. सुरंगीचं नाव काढलं आणि मी उठूनच बसले. वेंगुर्ल्याकडे, आसोलीला, सुरंगीच्या हंगामात पहाटे माणसं झाडावर चढून कळे काढतात, उमलायच्या आत. माझ्या आजीच्या कपाटात वाळलेल्या सुरंगीचा गजरा असायचा, वर्षभर, आणि वर्षभर वास यायचा त्याला. इथे आल्यापासून मी सुरंगी फक्त फुलवालीकडे पाहिली होती, तीही चार दिवस.

मी तीन रविवार ती विहीर शोधली. आता मी पुन्हा कामाला निघाले होते, आणि पुन्हा मला तेवढंच दिसत होतं. दिसेल त्याला विचारत होते. एकानं सांगितलं विहीर बुजवली, दुसऱ्यानं सांगितलं तिथे आता बंगला झालाय, उंच कुंपण आहे, मालक बाहेरचे. कुंपणापर्यंत गेले. आत काही दिसत नव्हतं. मी मांयना ते सांगितलं नाही. अजून शोधतेय, एवढंच म्हटलं.

मग फाल्गुनात, शिमग्याच्या आधी, एका सकाळी मला झोप लागेना म्हणून सहाच्या सुमाराला बाहेर पडले. धुकं होतं. शीळ घालणारा कस्तूर कुठे तरी सुरू झाला होता, अजून सूर लागत नव्हता त्याला. रामनाथीच्या बाजूला एका पाणंदीत वळले आणि पाय थांबले. वास आला. आधी वाटलं, आजीचं कपाट आठवलं म्हणून येतोय. दोन पावलं पुढे गेले, गेला. मागे आले, आला. मग वर बघितलं तर काळपट हिरव्या पानांचं मोठं झाड, आणि मधमाश्यांचा आवाज, एखादी गिरण दूर चालू असावी तसा. सुरंगीला फूल फांदीच्या टोकाला येत नाही, जून फांदीच्या अंगातूनच येतं, गुच्छागुच्छानं, आणि त्यामुळे सगळी फांदीच पिवळी-पांढरी झालेली. खाली चिऱ्यांवर सडा. गडग्यापलीकडे एक म्हातारे गृहस्थ दात घासत उभे होते. मी विचारलं, पडलेली घेऊ का? त्यांनी हातानंच घ्या म्हटलं.

मी पदर पसरला. थंड होती फुलं, दवानं.

घरी आले तेव्हा मांय सोप्यावर बसल्या होत्या, चहा व्हायचा होता. मी त्यांच्या ओंजळीत फुलं घातली. त्यांनी ओंजळ नाकाशी नेली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. मग मान हलवली.

"हें तें न्हय," म्हणाल्या. हे ते झाड नव्हे. ते विहिरीकडलं, त्याचा वास वेगळा.

फुलं त्यांनी रुमालात बांधली आणि उशीखाली ठेवली. मग विचारलं, "कोण मेळ्ळें?"